कोटाबाहेरचं शिबंदीचं घर

आमची मुलगी इंग्लंडच्या उत्तरेला राहते. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिने आम्हाला एका रोमन किल्ल्यावर नेलं. रोमन साम्राज्याची हद्द जिथे संपत होती तिथला हा किल्ला. मूळच्या किल्ल्याचे जमिनीलगतचे दगड तेवढे उरलेले. पण एका बाजूला तिथल्या लोकांनी शिपायांची बराक, धान्याचं कोठार आणि वेशीचा दरवाजा जसा असेल तसा पुन्हा उभा केला होता. दारात एक धिप्पाड माणूस लाल पांघरूण घेऊन जात्यावर गहू दळत बसला होता. थंडीने त्याचे गुडघे निळे पडले होते.

मी आयुष्यभर कुडाळच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवला. तट, बुरूज, दरवाजे हे सगळं मी फळ्यावर काढत असे. पण किल्ल्यातला माणूस सकाळी उठून काय करत असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, कारण तो परीक्षेला येत नसे. त्या बराकीत शिरले आणि मला वेगळंच काहीतरी झालं. एका खोलीत भिंतीला लावलेल्या फळ्या, त्यावर गवताच्या गाद्या, खुंटीला वहाणा. बाहेर पाऊस. कुठल्या कुठल्या उन्हाच्या देशातले शिपाई इथे या पावसात आणून ठेवलेले होते, असं पाटीवर लिहिलं होतं. दुसऱ्या पाटीवर लिहिलं होतं की कृपया गादीवर बसू नये. मी बसले नाही, आडवी झाले.

मुलीने ‘आई!’ म्हणून डोळे मिटून घेतले. तो लाल पांघरुणवाला आत आला आणि मला उठवायच्या ऐवजी अदबीने विचारता झाला, गादी कशी आहे? मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत सांगितलं, छान आहे, पण ढेकूण नाहीत. तो म्हणाला की ढेकणांसाठी वेगळं अनुदान लागेल. परतीच्या वाटेवर मुलगी आमच्यापासून चार पावलं पुढे चालत होती, आणि मी यजमानांना सांगत होते की आपल्या कोटापाशी असंच घर बांधायचं.

यजमान पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या कामावर होते. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताला चाळा नव्हता, म्हणून मला वाटलं ते उडी मारतील. ते कानटोपी खाली ओढून एवढंच म्हणाले, “आधी घराक पोचाया.”

कोट म्हणजे आमच्या गावाखाली, खाडीच्या तोंडावर असलेली एक पडकी जागा. मालवणकडे जाणाऱ्या रस्त्यावरून त्याचा एक बुरूज दिसतो. तो कोणी बांधला यावर गावात एकमत नाही, पण तो आपल्याच गावचा आहे यावर आहे. आत एक विहीर, बाकी करवंदीची जाळी आणि त्या जाळीत घरांची जोती. त्या घरांत राहणारी माणसं म्हणजे कोटाची शिबंदी, पगारावर ठेवलेली कायमची फौज. मी वर्गात ‘शिबंदी’ हा शब्द शेकडो वेळा उच्चारला असेल. त्यांच्या जोत्यावर मात्र मी सापांच्या भीतीने कधी गेले नव्हते.

आता गेले. यजमान पुढे काठी आपटत, मी मागे टेपाचं टोक धरून. एका जोत्याचं माप नीट मिळालं. लांबट खोली, पुढे पडवीसारखी पट्टी, कोपऱ्यात जळालेली माती. मी त्या मातीकडे बोट दाखवून म्हटलं, “चूल.” यजमान म्हणाले, “नायतर गेल्या वर्साच्या वणव्याची राख.” मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

कोटात एक दगडही हलवायचा नाही हे दोघांनाही मान्य होतं, म्हणून बाहेर जागा हवी होती. सरपंच ही माझीच जुनी विद्यार्थिनी. ग्रामपंचायतीत खुर्चीवर असली की ती माझ्याशी प्रमाण मराठीत बोलते, आणि बाहेर आली की मालवणीत. तिने देवळामागची पडीक जागा दाखवली. “बाई, घर बांधा, आमची हरकत नाही. फक्त ते नंतर कोणाला भाड्याने देऊ नका,” असं ती आत म्हणाली. बाहेर चपला घालताना हळूच म्हणाली, “बाईनू, तुमका बरा वाटता मा? की घरात कायतरी झाला?”

बांधकामाचं वर्णन करताना मला अजून थोडं संकोचायला होतं. मी ठरवलं होतं की सिमेंट नाही, पत्रा नाही, प्लास्टिक नाही. त्या काळी जे नव्हतं ते माझ्या घरात नाही. चिरे मात्र आजच्या खाणीतले, यंत्राने कापलेले. त्यांच्या कडा एखाद्या साबणाच्या वडीसारख्या सरळ. मला ते बघवेना. मग मी रोज सकाळी हातोडी घेऊन नव्या कोऱ्या चिऱ्यांचे कोपरे फोडत बसू लागले. मासे घेऊन जाणाऱ्या बायका थांबून बघत. एकीने शेवटी विचारलंच, “बाईनू, इतके बरे चिरे कित्याक मोडतास?” मी म्हटलं, जुने दिसायला हवेत. ती म्हणाली, “मगे जुनेच घेवचे होते.” तिचं बरोबर होतं, पण जुने चिरे म्हणजे कोणाच्या तरी पडक्या घराचे, आणि ती पडकी घरं सगळी मुंबईतल्या भावंडांच्या भांडणात अडकलेली.

जमीन सारवायला शेण हवं होतं. मी बादली घेऊन गोठे हिंडले. एका घरी त्यांनी मोठ्या मनाने बादली भरून दिली, तर मी विचारलं, गाय गावठी की जर्सी? जर्सी म्हटल्यावर मी ते शेण परत केलं. शेण परत करणारी बाई म्हणून माझी कीर्ती कसालच्या बाजारापर्यंत गेली, असं यजमान सांगतात. त्यांच्या सांगण्यात अतिशयोक्ती असते, पण कसालला भाजीवालीने मला ‘ही भाजी गावठीच आसा हां’ असं न विचारता सांगितलं, हे खरं आहे.

छप्पर झापांचं केलं. झाप म्हणजे माडाची विणलेली झावळी. ती झापं एकावर एक बसवायचं काम यजमानांनी अंगावर घेतलं. इथे आमचा खटका उडाला. त्यांचं म्हणणं, खाली ताडपत्री घालावी. माझं म्हणणं, शिबंदीकडे ताडपत्री नव्हती.

“शिबंदीकडे चष्मो पण नव्हतो,” ते म्हणाले. “तो काढून ठेव.”

मी चष्मा काढला नाही, पण ताडपत्रीही घालू दिली नाही. छप्पर चढलं त्या दिवशी मला कुडाळला एका लग्नाला जायचं होतं. संध्याकाळी परत आले तर छप्पर पुरं झालेलं, नीटनेटकं, यजमान खाली उभे राहून हात धूत होते. मी त्यांची तोंडभर स्तुती केली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि ते घरी जाऊन लवकर झोपले.

मग मी तिथे राहायला लागले. म्हणजे सकाळचा चहा घेऊन जायचं, तिन्हीसांजेला घरी यायचं. माझ्या शिबंदीला संध्याकाळी मालिका बघायची सवलत होती. मी नऊवारी नेसून तीन दगडांच्या चुलीवर नाचणीची आंबील करायची, जात्यावर दळायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कोटातलं रोजचं जगणं समजावून सांगायची. मालवणला जाणाऱ्या गाड्या थांबत. उतरणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते हॉटेल वाटे. “सुरमई थाळी आहे का?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की शेवटी मी शिपाई काय खात असतील हे सांगायला सुरुवात तिथूनच करू लागले. बाकीचे निम्मे बाथरूम कुठे आहे ते विचारत.

पुण्याच्या एका बाईंनी तो प्रश्न वेगळा विचारला. “इथे नाही विचारत हो. कोटात त्यांची सोय कुठे होती?” मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं शिकवलं, घर बांधलं, शेण पारखून घेतलं, आणि ही मूलभूत गोष्ट माझ्या डोक्यातही आली नव्हती. इंग्लंडच्या त्या किल्ल्यात ती जागा त्यांनी सगळ्यांत अभिमानाने दाखवली होती, बसायच्या दगडांसकट. मी त्या बाईंना म्हटलं, “वाऱ्याची दिशा बघून ठरवत.” त्या समाधानाने गेल्या. मी मात्र दुसऱ्या दिवशी यजमानांना घेऊन पुन्हा कोटात गेले. खाडीच्या बाजूला तटात एक उतरतं भोक आहे, त्यापुढे आम्ही दोघं निवृत्त माणसं बराच वेळ गंभीरपणे उभे होतो. यजमान वाकून बघत म्हणाले, “उतार बरोबर आसा.” पाटबंधारे खात्याचा माणूस उताराबद्दल बोलला म्हणजे मी निश्चिंत.

पावसाळा आला आणि माझं छप्पर गळलं नाही. गावात पत्र्याची घरं गळली, देवळाचा सभामंडप गळला, पण शिबंदीचं घर कोरडं ठणठणीत. माझा आनंद गगनात मावेना. मी प्रत्येकाला हाताला धरून आत नेऊन वर बघायला लावायची. “बघा, ना सिमेंट, ना पत्रा. नुसती झापं. पूर्वजांची विद्या ही.” माझं हे भाषण चालू असलं की यजमान खाडीकडे बघत उभे राहत. मला वाटे, ते विनयाने अवघडतात.

श्रावणात सावंतवाडीकडची एक शाळा मुलं घेऊन आली. बरोबर एक तरुण शिक्षक होते, अगदी मन लावून ऐकणारे, माझं वाक्य न् वाक्य वहीत उतरवून घेणारे. मी मुलांना पडवीसमोर बसवलं आणि झापांवर आले. बोलता बोलता खाडीवरून वाऱ्याचा मोठा झोत आला. कडेची झापं पुस्तकाच्या पानांसारखी उलटली आणि त्यांच्याखाली लख्ख निळी ताडपत्री फडफडू लागली. झापं खाली बसली, वाऱ्याने पुन्हा उचलली गेली. ताडपत्रीवर कंपनीचं नावही होतं.

ते शिक्षक पेन वहीवर टेकवून म्हणाले, “बाई, हे निळं अस्तर त्या काळात कशाचं करत?”

त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. ती असती तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, “ते आमचे यजमान सांगतील.”

यजमान पुढे आले. मुलांसमोर उभं राहायची त्यांना सवय नाही. ते म्हणाले, “ते माझं काम आहे. बाईंना माहीत नव्हतं. बाकीचं सगळं त्या सांगतात तसंच आहे.” आणि ते शिडी आणायला गेले.

मुलं गेली. घरी जाऊन भाताचा कुकर जरा जोरात ठेवला. तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“तू थंय दिवसभर वल्या जमनीर बसतलंस,” ते म्हणाले. “तुझो दमो कोण सांभाळतलो? ती शिबंदी?”

“मग मला सांगायचं होतं.”

“सांगलंय. तू चष्म्यावर रागावलंस.”

खरं सांगायचं तर मला राग ताडपत्रीचा नव्हता. सगळ्या गावाला हात धरून आत नेलं होतं, त्याचा होता. किती जणांना ते आधीपासून माहीत असेल, हे मी मोजायला लागले आणि थांबले. सरपंच माझ्या भाषणाच्या वेळी नेहमी ओठ चावत असे, ते मला आता आठवलं. मी तिला भावुक समजले होते.

मी हट्टाने ताडपत्री काढायला लावली. त्यांनी वाद न घालता काढली, घडी घातली, घरी आणून माळ्यावर ठेवली. पुढचा मोठा पाऊस आला तेव्हा मी आत होते आणि तेही माझ्याबरोबर आले. आधी एका जागी थेंब पडला. मी खाली मडकं ठेवलं. मग दुसऱ्या जागी पडला. थोड्या वेळाने मडकी संपली, आंबिलीचं भांडंही लावून झालं, आणि मी माझी बसकण भिंतीपासून चुलीकडे, चुलीकडून दाराकडे सरकवत राहिले. पूर्ण घरात एकच जागा कोरडी राहिली, चुलीच्या मागची, जेमतेम दोन माणसं अंग चोरून बसतील एवढी. तिथे आम्ही बसलो. धुराने दोघांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. लग्नानंतर इतक्या जवळ आम्ही किती वर्षांनी बसलो होतो कोण जाणे, पण दोघांचंही लक्ष छपराकडे होतं.

“ह्या जागेसाठी मारामारी होत आसतली,” यजमान म्हणाले.

मला ते एकदम पटलं. या खोलीत सहा-सात माणसं असतील तर ही जागा कोणाची? सगळ्यांत जुन्याची? आजाऱ्याची? की जो दांडगा त्याची? मी घर कसं बांधलं ते लोकांना सांगत होते. घरात कोण कुठे बसायचं याचा विचार मी केलाच नव्हता. कोरड्या घरात तो करायची गरजही पडली नसती.

त्या पावसाने मला व्हायचं तेच झालं. छाती भरली, कुडाळच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. डॉक्टर म्हणाले, या वयात चिखलात बसून काय करता? मी म्हटलं, संशोधन. त्यांनी यजमानांकडे बघितलं. यजमानांनी भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे बघितलं. घरी येईपर्यंत रिक्षात ते ‘मी सांगलंय’ असं एकदाही म्हणाले नाहीत, आणि ते न म्हणणं मला औषधापेक्षा कडू लागलं.

बरी झाल्यावर मीच माळ्यावरून ताडपत्री काढून दिली. ती पुन्हा घातली, पण या वेळी मी सांगितलं की पडवीच्या बाजूला तिची कड दिसली पाहिजे. आता मी लोकांना ती कड दाखवते आणि सांगते की इथपर्यंत शिबंदीचं आणि इथून पुढे आमचं. मग गळणाऱ्या पावसाची गोष्ट सांगते. लोक जास्त वेळ थांबतात. थाळीची विचारणा मात्र होतेच.

मार्गशीर्षात देवळाची जत्रा आली. जत्रेला दशावतारी नाटक होतं. नाटकवाले ज्या खोलीत उतरतात आणि रंगतात तिचं दुरुस्तीचं काम अडलेलं. सरपंच आमच्या घरी आली आणि पायरीवर बसून म्हणाली, “बाईनू, भाड्यान देव नका म्हटलंय ता माका आठवता. पण फुकट देतलास काय?”

मी जरा कांकूं केली. सारवलेली जमीन, मडकी, जातं. माझ्या घराला काही झालं तर, असं मी म्हणणार होते, आणि मग लक्षात आलं की घरात माणसं राहणार आहेत या गोष्टीची मला काळजी वाटते आहे. मी किल्ली दिली. किल्ली म्हणजे दाराला बांधायचा सुंभ.

दुपारी टेम्पोतून त्यांच्या पेट्या उतरल्या. मी आणि यजमान सोय बघायला म्हणून गेलो. शिपाई भिंतीकडे डोकं करून ओळीने झोपत असतील असं मी ठरवलं होतं, तशी रेघाही आखून ठेवली होती. ही माणसं दाराच्या वाऱ्याला डोकी करून आडवीतिडवी पसरली होती. एकजण चुलीवर भात टाकून उकिडवा बसला होता. एकजण मुकुटाची निघालेली जर टाचत होता. खुंटीवर तलवार आणि टॉवेल एकत्र लटकत होते. एक उंच गृहस्थ, रात्री राजा होणारे, मोबाइल हातात धरून भिंती चाचपत होते.

“काकीनू, प्लग खंय आसा?”

“प्लग नाही,” मी म्हटलं. इतर वेळी हे मी फार अभिमानाने सांगते.

“मगे घराक फोन कसो करूचो?”

यजमान केव्हा गेले कळलं नाही. ते देवळातून लांब वायर ओढत आले आणि ती झापांतून आत सोडली. राजा चुलीपाशी बसून घरी बोलला. भात झोडून झाला काय, बैलाचा पाय कसा आहे, चेडवाचा, म्हणजे मुलीचा, ताप उतरला काय. झोपलेल्यांतला एक डोळे न उघडता म्हणाला, “झाला की माका दी.” मग त्याने आपल्या घरी विचारलं. मी दारात उभी राहून ऐकत होते. निरोप कोणाबरोबर पाठवत असतील हे लोक, कोटातले? गलबतावरच्या कोणाबरोबर? वाण्याबरोबर? हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

“बसा मा काकीनू,” भात करणारा म्हणाला. “उभी कित्याक? चाय घेवा.”

माझ्याच घरात मला कोणी बस म्हणायची ती पहिली वेळ. मी बसले आणि चहा घेतला. तोपर्यंत राजाने आरसा मांडीवर धरून तोंडाला रंग लावायला घेतला होता. मी एकही वाक्य समजावून सांगितलं नाही, हे यजमानांनी नंतर मला मुद्दाम लक्षात आणून दिलं.

नाटक सुरू झालं तेव्हा आम्ही पुढेच बसलो होतो. राजा पखवाजाच्या ठेक्यावर आला, मिशीला ताव दिला आणि सभेकडे बघून गरजला. त्याच्या मुकुटाच्या मागे आमच्या छपराच्या झापाची एक वाळकी काडी अडकली होती आणि तो मान वळवेल तशी हलत होती. मी यजमानांना कोपराने ढोसून दाखवली. पडद्याआड गेला की सांगू या का, असं विचारलं.

“तशीच रवांदे,” ते म्हणाले.